अडेल आकडा

मिलला कुलूप लागलं, तरी बाबांचा पितळी बिल्ला खिळ्यावरून उतरला नव्हता. त्यावर नंबर होता ४३१. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात देवाच्या तसबिरीनंतर मान त्याचाच.

बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. चौकडीच्या कापडासाठी ताण्याचे, म्हणजे उभे धागे सारख्या भागांत वाटायचे, कधी चार, कधी सहा, कधी आठ. वाटून धागे उरले, की तो आकडा त्यांच्या भाषेत अडेल. ४३१ला त्यांनी हे सगळे भाग लावून पाहिले होते आणि दर वेळी काहीतरी उरलंच होतं. "बिल्ला माझ्यासारखाच," असं ते कौतुकानं सांगायचे. खरंच होतं ते, घरात सगळ्यांनी भोगलं होतं.

मी नुकतीच गणितात एम.एस्सी. झाले होते आणि मला बाहेरच्या खोलीत क्लास काढायचा होता. बाबांचा हट्ट टायपिंगचा. "बेटा, मिलच बंद. तुझं गणित इथे कोण शिकणार? टायपिंग कर, कुठे तरी नोकरी लागेल." मीही त्यांचीच मुलगी. म्हटलं, हवा तो आकडा द्या, अवयव पाडून दाखवते. जमलं तर खोली माझी. बाबांच्याच खात्यातले शेजारचे काका ओट्यावर बसले होते. त्यांना तेवढंच हवं होतं. "दे दो भिया, देखते हैं!"

बाबांनी खडू घेऊन दारावर लिहिलं, ४३१४३१. अडेल आकडा दोनदा लिहिला की दुप्पट अडेल, हा त्यांचा हिशेब. मला हसू आवरेना. तेच तीन अंक दोनदा लिहिले की मूळ आकड्याची एक हजार एक पट होते, आणि एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. साचेखात्यात असले भाग कुणी पाडत नसे, त्यामुळे बाबांची त्यांच्याशी ओळखच नव्हती. मी सातानं भागलं, मग अकरानं, मग तेरानं. बाकी कुठेच उरली नाही.

काकांनी मांडीवर थाप मारली. "गया भिया, तुम्हारा नंबर तो गया!"

बाबांचा चेहरा उतरला. मिल गेली तेव्हाही मी तो असा पाहिला नव्हता. माझा सगळा तोरा तिथेच गळाला.

"गेला नाही," मी घाईनं म्हटलं. "तेरानं भागून खाली काय आलं ते बघा."

खाली ४३१ आले होते.

"आणि याचे अवयव?"

"नाही पडत, बाबा. कशानंच नाही."

त्यांचा विश्वास बसेना. माझ्या हातून खडू घेऊन त्यांनी सातानं भागून पाहिलं, अकरानं, तेरानं, मग आपल्याच मनानं सतरानं आणि एकोणिसानं. बाकी दर वेळी उरली. आता पुरे, मी म्हटलं, एकवीस गुणिले एकवीसच याच्या पुढे जातात, मोठे आकडे लावून बघायची गरजच नाही. बाबा काकांकडे वळले. "कल से बच्चों को भेज देना भिया. मास्टरनी पक्की है."

दार पुसायला मी ओलं फडकं आणलं. त्यांनी सगळं पुसू दिलं, फक्त ४३१वर हात धरून ठेवला.