पडावातून आगबोटीत

आधी खानावळीच्या मावशींचे उपकार सांगतो, मग हकीकत. चौथीतून शाळा सोडून मी घाटावरून रत्नागिरीत नोकरीला आलो होतो. शिमग्याला दोन दिवस मुंबईला जायचा आम्हा चौघा सोबत्यांचा बेत जेवताना रंगला होता. ट्रॅम, नाटक, चौपाटी, सगळं ठरलं. मग एक जण म्हणाला, "पडावातून शिडी धरताना धोतर सावर रे, घाटी."

मला वाटत होतं, आगबोट धक्क्याला लागते. ती लांब समुद्रात उभी राहते आणि पडावातून, म्हणजे हलत्या होडीतून, तिच्यावर चढावं लागतं, हे तेव्हा कळलं. हातातला घास मी परत ताटात ठेवला. नको म्हणावं तर सुट्टीत एकटाच मागे राहणार. मी नुसता हसलो.

मावशी वाढता वाढता थांबल्या. "हसतोस काय? घाबरलायस तू." मग त्या तिघांकडे वळल्या. "पडाववाला माझा भाचा आहे, तो ह्याला चढवील. तुमच्यातला जो हसेल त्याला महिनाभर मासा नाही."

भाच्याने मला बखोटीला धरून चढवलं. कोणी हसलं नाही.

मावशींनी मुंबई अजून पाहिलेली नाही. एकदा मी त्यांना नेईन, आणि पडावात त्यांचा हात मी धरीन.