ओतिलिया काही बेशुद्ध पडली नव्हती

पूर्व लॉस एंजेलिसमध्ये आमच्या बेकरीच्या भिंतीवर ओतिलिया उभी आहे. ती उभी कशी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती माझ्या लेकीची धर्ममाता, म्हणजे माझी कोमाद्रे. पडद्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. तोंडाने फटकळ, कुणाची मिंधी नाही. धाकटे तिला मानाने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणतात.

एका वर्षी कारखान्यात संप झाला. ओतिलियासकट निम्म्या बाया बाहेर आल्या, निम्म्या भीतीने मशीनवरच बसून राहिल्या. त्यांनी जाता-येता पाहावं आणि धीर करावा, म्हणून चळवळीतल्या पोरांनी चित्रासाठी कारखान्याच्या फाटकासमोरची आमची भिंत मागितली. नवरा का-कू करायला लागला, मी हो म्हणून मोकळी झाले. एलिसेओ नावाच्या चित्रकाराने ओतिलियाचा चेहरा कागदावर उतरवून घेतला आणि ताडपत्रीआड कामाला लागला.

रविवारी ताडपत्री उतरली. पिसांचा मुकुट घातलेला दणकट योद्धा आणि त्याच्या हातांवर डोळे मिटून पडलेली राजकन्या! आमच्या जुन्या दंतकथेतली ही जोडी आम्ही गिऱ्हाइकांना फुकट देतो त्या कॅलेंडरवर असते, अगदी तशीच. चेहरा मात्र ओतिलियाचा. म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. खरं सांगते, माझेही.

ओतिलियाने कमरेवर हात ठेवले.

"एलिसेओ, मला काय झालंय रे?"

"दोन्या ओतिलिया, ही आपली जुनी राजकन्या..."

"ते कळलं. पण ती आडवी का? संपात फाटकावर पोलिसांनी ढकललं तेव्हा मी पडले होते का? आतल्या बाया हे बघतील आणि म्हणतील, संपावर गेली ती अशी उचलून आणावी लागली!"

"अहो, पण रंग वाळला की!"

"मग वरून दुसरा लाव."

"आणि योद्ध्याच्या हातांचं काय करू? रिकामे राहतील ना!"

"कॉफीची किटली दे. संपावर घसा कोरडा पडतो आमचा."

अख्खी गल्ली हसली. एलिसेओ लाजून लाल झाला, पण पोरगा मनाचा मोठा. पुन्हा परांचीवर चढला. आता ओतिलिया एप्रनमध्ये ताठ उभी आहे, नजर थेट कारखान्याच्या फाटकावर, आणि मागे मुकुटवाला किटली घेऊन. अशी भिंत शहरात दुसरी दाखवा, पाव फुकट देईन.

चित्र पुरं झालं त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत फाटक उघडलं आणि आतल्या बाया बाहेर आल्या. पुढे बेनिल्दे, मुकादमासमोर मान वर न करणारी.

"दोन्या ओतिलिया, आम्हाला जागा आहे का?"

फाटकाबाहेर संपाच्या रांगेत उभ्या ओतिलियाने हातातला फलक तिच्या हातात दिला.

"किती उशीर केलास ग! धर हा. खांदे भरून आलेत माझे."