बाबांनी परक्याला सांगितलं

बाबांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. तपासणीसाठी मी त्यांच्याबरोबर गेले होते. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी विचारलं, "बाकी काही त्रास?" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "छे, काही नाही."

मी औषधं घेऊन परतले, तेव्हा बाहेरच्या बाकावर बाबांच्या शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ त्यांना विचारत होते, "तुम्हाला लघवी आवरते का हो? मला नाही आवरत."

बाबा त्यांच्याकडे जरा सरकले. मग म्हणाले, "मलाही नाही. वर्षभर कुणाच्या घरी जाऊन बसलो नाही."

मी तिथेच थांबले. वर्षभर आम्ही त्यांना 'माणूसघाणे झालात' म्हणून चिडवत होतो. माणूस वाचला म्हणजे तो सुखी असणारच, असं घरातले परस्पर ठरवून टाकतात. मग त्याला काही विचारायचंच राहून जातं.

मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, डॉक्टरांना पुन्हा भेटून या. मी बाहेर थांबते."

मी ऐकलं का, हे त्यांनी विचारलं नाही. ते उठले आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझी नजर चुकवून आत गेले.