मोठेबाबांच्या पिकअपची पायरी

आमच्या मोठेबाबांनी कोणतीही नवी वस्तू जशी आली तशी कधी वापरली नाही. छत्री आणली की तिची मूठ उपटून तिथे सायकलची मूठ बसवायची. चप्पल आणली की पायात घालण्याआधी तिच्या तळाला टायरचा तुकडा ठोकायचा. एका दिवाळीत मोठ्या आईसाठी कुकर आणला, तर त्याची मूठ हाताला पोळते म्हणून त्यांनी तिच्यावर ट्यूब गुंडाळली. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरच्या वरणाला पंक्चरच्या दुकानाचा वास येत होता. वस्तू हातात घेऊन, एक डोळा बारीक करून ते म्हणायचे, "चांगली आहे. फक्त उलीशीक सुधारणा पायजे." उलीशीक म्हणजे थोडीशी. पण मोठेबाबांच्या उलीशीकला घरातली माणसं धास्तावून असायची.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि मोठी आई त्यांची बायको. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरपासून जवळच आमचं गाव. मी अमरावतीला कॉलेजात जायला निघालो तेव्हा त्यांनी माझा नवा चष्मा एका रात्रीसाठी मागून घेतला. सकाळी त्याच्या दोन्ही काड्यांना मागून काळ्या रबराचे आकडे बसवलेले. "आता तू विहिरीत पडला तरी चष्मा पडत नाही," ते म्हणाले. खरं होतं. तो चष्मा पडायचा तर नाहीच, पण काढायचा म्हटलं तरी कानासकट निघेल असं वाटायचं. कॉलेजात मला मुलींनी जी काही नावं ठेवली, त्यांत माझ्या स्वभावाचा वाटा कमी आणि त्या रबराचा जास्त, अशी मी आजवर स्वतःची समजूत घालत आलो आहे.

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. अळीतून वाचलं ते पावसात सापडायचं, पावसातून वाचलं ते भावात. गावात व्यापारी यायचा, ओट्यावर बसून भाव सांगायचा आणि तोच ऐकून घ्यावा लागायचा. कारण बैलगाडीनं नेरला कापूस न्यायचा आणि भाव पटला नाही म्हणून परत घेऊन यायचा, हे कोणाच्याच बैलांना झेपणारं नव्हतं. मोठेबाबांनी रस्त्याकडेचं थोडं वावर विकलं आणि पिकअप घेतली, चांगली जास्त वजन ओढणारी. आता आमचाच नव्हे, सगळ्या आळीचा कापूस जिथे भाव बरा तिथे जाणार होता. नेरला नाही पटला तर यवतमाळ. गाडी दारात आली त्या दिवशी आळीतल्या बायांनी तिला आमच्या घरच्या सुनेसारखं ओवाळलं.

यवतमाळच्या शोरूममधल्या पोरानं किल्ली देतानाच बजावलं होतं, "काका, गाडीला काही लावू नका, काही वेल्डिंग करू नका. वॉरंटी जाईल."

"जाईन कुठी?" मोठेबाबा म्हणाले. "गाडी तं माह्याच दारात राह्यते."

महिन्याच्या आत उलीशीक सुधारणा सुरू झाल्या. कापूस वजनाला हलका पण जागेला भारी, म्हणून डाल्यावर, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागावर, माणसाच्या उंचीची लोखंडी जाळी चढली. जाळी आली म्हणून माल वाढला, माल वाढला म्हणून मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जास्तीचा पाटा पडला. मग एक भोंगा बसला. तो वाजला की रस्त्यावरची म्हैस बाजूला व्हायच्याऐवजी जागच्या जागी बसून घ्यायची.

शेवटची सुधारणा मात्र मालासाठी नव्हती. मोठ्या आईचे गुडघे गेलेले होते आणि त्या गाडीची कॅबिन उंच. पहिल्या वेचणीला पऱ्हाटीपुढे, म्हणजे कापसाच्या झाडापुढे, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा असतो, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. त्या वर्षी मोठी आई सीतादह्याचं भांडं घेऊन पिकअपपाशी उभी राहिली. एकदा पाय उचलला, दुसऱ्यांदा उचलला, आणि म्हणाली, "तुम्हीच या जाऊन. मी घरूनच हात जोडते." मोठेबाबा तशीच गाडी घेऊन नेरला गेले आणि संध्याकाळी परतले ते डाव्या दाराखाली चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, जाड लोखंडी पायरी वेल्डिंग करूनच. सीतादही दुसऱ्या दिवशी झालं. मोठी आई त्या पायरीवर पाय देऊन, दाराचा दांडा धरून चढली आणि कॅबिनमध्ये अशी बसली की मागे डाल्यात बसलेल्या मला आपण नोकर असल्यासारखं वाटलं.

आणि ऐन वेचणीत गाडी बसली. डिझेल पंप गेला होता. घराघरात कापसाचे गंज, म्हणजे ढीग, लागलेले, व्यापारी ओट्यावर परत दिसू लागलेला, आणि पंप वॉरंटीत मिळाला नाही तर त्या हंगामात गाडी उठणार नाही हे उघड होतं. कंपनीचा इंजिनियर तपासायला येणार असा निरोप आला. मी घरातला शिकलेला, म्हणून वॉरंटीचं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवण्यात आलं. मी ते बराच वेळ चाळलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "काहीही बदल केला असेल तर सगळीच वॉरंटी गेली." मला त्यातलं एवढंच कळलं होतं, आणि तेही चुकीचं.

मग सगळी आळी कामाला लागली. जाळी उतरली, भोंगा निघाला, जास्तीचा पाटा सुटला, आणि हे सगळं आमच्या कोठ्यात कापसाच्या गंजाखाली गाडलं गेलं. पायरी मात्र निघेना. तेव्हा मोठी आईच म्हणाली, "मी बसते तिच्यासमोर." ती लुगडं पसरून पायरीला पाठ लावून बसली आणि सुपात तूर निवडू लागली.

इंजिनियर आला. तरुण, सभ्य, नाकावर घाम. बॉनेट उघडून पाहिलं, गाडीखाली वाकून पाहिलं, पंप पाहिला. मग मोठ्या आईजवळ येऊन म्हणाला, "आजी, जरा सरकता का?"

"गुडघे धरले बापा. आता उठनं होत नाही."

तो दुसऱ्या बाजूनं फिरून आला, हात पुसले आणि मनापासून म्हणाला, "काका, गाडी छान ठेवलीत. शोरूममधून निघाली तशीच आहे. काहीच केलं नाही तुम्ही हिला."

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण माझं लक्ष मोठेबाबांच्या चेहऱ्याकडे गेलं. ते दुखावले होते. चहा आला. मोठेबाबांनी बशीत ओतला, पण तोंडाला लावला नाही.

"तशीच आहे, म्हणता?" ते म्हणाले.

"अगदी तशीच."

"काहीच केलं नाही मी?"

"अजी, चहा प्या तुम्ही," मोठी आई सुपातून मान वर न करता म्हणाली.

"चहा राहू दे व. साहेब मले काय समजून राह्यले?" मोठेबाबा उठले, इंजिनियरचा हात धरून त्याला कोठ्यात घेऊन गेले आणि दोन्ही हातांनी कापूस उपसू लागले. जाळी निघाली. पाटा निघाला. भोंगा निघाला, आणि तो चालतो हे दाखवायला बॅटरीही आणवली गेली. तो वाजला तेव्हा बाहेर ओट्यावर बसलेला व्यापारी चपला न घालताच उभा राहिला. शेवटी मोठेबाबा अंगणात येऊन म्हणाले, "आता तू उठ व. पायरी दाखवू दे साहेबाले." मोठी आई उठली, गुडघे अजिबात न धरता.

इंजिनियरनं आधी केसांतला कापूस काढला. मग म्हणाला, "काका, पाट्याचा आणि डिझेल पंपाचा संबंध काय? पंप आमचा, बिघाड आमचा. तो बदलून मिळेल. तुम्ही जिथे हात लावला, त्यामुळे जे बिघडेल तेवढंच आम्ही देत नाही. म्हणजे पाटे, मागचा एक्सल, यांचं पुढे मागू नका."

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तं म्हने सगळीच गेली! कोन्तं कॉलेज बे तुह्यं?"

"पण ही पायरी," इंजिनियर खाली बसून म्हणाला, "ही थेट चेसीवर वेल्डिंग आहे. इथे कधी तडा गेला तर मोठं काम निघेल. आत्ता काढून टाका, आमच्याकडे तपासून घ्या, चेसीची वॉरंटी राहील. ठेवलीत तर मला चेसी वगळून लिहावी लागेल."

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, काढा. मोठी आई सगळ्यांच्या आधी म्हणाली, "काढून टाका, मले कुठी जायाचं आहे?"

मोठेबाबांनी एक डोळा बारीक करून पायरीकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्यांकडे.

"लिहा साहेब," ते म्हणाले. "चेसी वगळून लिहा."

पंप आला, आळीचा कापूस यवतमाळला गेला. पुढे काही वर्षांनी चेसीला खरंच तडा गेला, बरोबर त्याच जोडापाशी. मोठेबाबांनी पदरचे पैसे घालून चेसी सांधली आणि सांधलेल्या चेसीवर पुन्हा पायरी लावून घेतली. मोठी आई त्या पायरीवरून वावरात गेली, बाजाराला गेली, माझ्या लग्नाला आली. मुलीकडच्या मांडवात ती पिकअपमधून उतरली तेव्हा माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. रबराच्या चष्म्याकडे तेवढं पाहिलं.

मोठेबाबा आजारी पडले तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यायला मीच पिकअप काढली. ते नेहमी उजव्या बाजूनं, चाकावर पाय देऊन चढणारे. त्या दिवशी पहिल्यांदा डाव्या दाराशी आले. मी एका बाजूनं धरलं होतं, मोठी आई दुसऱ्या. त्यांनी पायरीवर पाय ठेवायला उचलला, तो पोचला नाही. परत उचलला. कसाबसा टेकला. मग दाराचा दांडा धरून ते तिथेच थांबले आणि खाली पाहू लागले.

"उंच झाली हे," ते म्हणाले. "वीतभर खाली पायजे होती." आणि मोठ्या आईकडे वळून, "इतके वर्षं चढली तू हिच्यावर. बोलली काहून नाही?"

"तुम्ही हौसेनं लावली होती," मोठी आई म्हणाली.

मोठेबाबा कॅबिनमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाले, "वापस आलो की करतो सुधारणा."

ते वापस आले नाहीत.

पिकअप आता माझ्याकडे आहे. तेरवी झाल्यावर मी नेरच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. म्हटलं, पायरी वीतभर खाली घेऊ, मोठ्या आईचे गुडघे आता आणखी गेले आहेत. तो यंत्र घेऊन आला, वायर जोडली. मोठी आई आतून निघाली, भिंत धरत धरत गाडीपाशी आली आणि पायरीला पाठ लावून खाली बसली, इंजिनियर आला त्या दिवशी बसली होती तशीच. फक्त हातात सूप नव्हतं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "तिले हात नको लावजो."