शहाण्णव डिग्रीचा कॉम्प्युटर

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत.

सोफा आला तेव्हा मी चौथीत होतो. बारावी झाली तरी त्याचं प्लास्टिक जागच्या जागी होतं आणि उन्हाळ्यात पाहुणे उठले की त्यांची पाठ सोफ्याला चिकटून थोडी मागेच राहायची. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, त्यामुळे चॅनेल बदलायला अंगठ्यात पैलवानाचं बळ लागायचं. फ्रिजच्या दाराला प्लास्टिक, आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोटरसायकलच्या सीटला प्लास्टिक. आईचं म्हणणं एकच, "काडलं की वस्तू जुनी व्हती." अशा घरात माझ्यासारखा आधुनिक विचारांचा माणूस जन्माला यावा, याचं मला फार वाईट वाटायचं. (घरच्यांनाही वाटत असावं, पण वेगळ्या कारणानं.)

हे बोरी बुद्रुकमधलं, २००६ च्या उन्हाळ्यातलं. मला पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जायचं होतं. आण्णांना मी शेतकीला जाऊन पुढं द्राक्षबाग सांभाळायला हवा होतो. महिनाभर आमच्यात बोलणं बंद होतं, म्हणजे ते बोलत नव्हते आणि माझी बोलायची हिंमत नव्हती. शेवटी आण्णांनीच तोड काढली.

"लई येतं ना तुला? मग सोताच्या हातानं एक कॉम्प्युटर जोडून दाव. रविवारी तुज्या मामाम्होरं तासभर चालला, तर जा पुण्याला. न्हाई चालला, तर गुमान शेतकीचा फॉर्म भर."

मी पुण्याहून सुटे भाग आणले. कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीत बसलो, शेजारची मावशी नारायणगावपर्यंत "हे धुण्याचं मशीन काय?" असं विचारत होती. अभ्यासाला लागतं असं सांगून मी त्यात चांगलं दणकट ग्राफिक्स कार्डही घातलं. (अभ्यास गाड्यांच्या शर्यतीचा होता.) दोन दिवस खपून सगळं जोडलं. प्रोसेसरवर त्याचा तो पंखा बसवला, स्क्रू आवळले आणि रविवारची वाट बघत बसलो.

रविवारी डिंगोऱ्याहून मामा आला. मामाची पोल्ट्री. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याला कोंबड्यांतून सापडतं. आईनं कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, नारळ फोडला. मी बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले, शर्यतीची गाडी सुरू झाली, आई "अगं बया" म्हणाली आणि दुसऱ्याच मिनिटाला सगळं बंद.

"लाईट गेली?" मामानं विचारलं.

डोक्यावरचा पंखा मजेत फिरत होता. मी पुन्हा चालू केलं, आतलं तापमान दाखवणारं पान उघडलं आणि माझेच डोळे पांढरे झाले. शहाण्णव.

"शहाण्णव?" मामा सोफ्यावर ताठच झाला. "अरं, माज्या शेडात चाळीस झालं तरी पक्षी चोच उघडून पडत्यात. ह्यो जित्ता हाय का अजून?"

आण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मला त्या घड्याळात शेतकीचा फॉर्म दिसायला लागला.

आणि मग मला कारण सापडलं. कॅबिनेटच्या काचेवर, मॉनिटरच्या कडेला, सगळीकडं आईनं जपून ठेवलेलं प्लास्टिक! माझ्या अंगात एकदम विज्ञान संचारलं.

"आई, ह्या प्लास्टिकनं हवा कोंडतीय. ह्या घरात शास्त्र म्हणून कुणाला काही कळतच नाही." असं म्हणून मी टराटरा ओढायला सुरुवात केली. कॅबिनेट झालं, मॉनिटर झाला. जोर इतका चढला, की रिमोटची पिशवी फाडली, फ्रिजचं दार सोललं आणि मामाला उठवून सोफाही सोलला. आतून नवाकोरा लाल सोफा निघाला. त्याचा रंग लाल आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. आई तोंडावर पदर धरून बघत राहिली, घरात चोर शिरल्यासारखी.

पुन्हा चालू केला. सत्त्याण्णव.

"सर बाजूला," मामा म्हणाला. "शेडात आमी काय करतो? गोणपाट वलं करायचं आन् म्होरनं वारा सोडायचा." मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं कॅबिनेटची बाजू उघडली, समोर टेबलफॅन ठेवला आणि त्याच्यापुढं ओलं गोणपाट धरलं. फॅन तीन नंबरवर. पहिल्या झोतातच कॅबिनेटवरच्या अक्षता, कुंकू आणि गोणपाटातला बाजरीचा भुसा उडाला. निम्मा कॉम्प्युटरमध्ये, निम्मा आण्णांच्या मिशीत. मी झडप घालून प्लग उपटला.

"किती झालं?" मामानं उत्साहानं विचारलं.

"बंद केलाय, मामा."

"मग गार व्हईल की."

आण्णांनी मिशी पुसली. "चला, फॉर्म कुटं हाय त्यो?"

खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात आई पुढं आली. तिनं त्या प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या पत्र्याला बोट लावलं, मग सगळा तळहात लावला.

"आरं, हे तर गार हाय."

"आई, हात नको लावूस. आत शहाण्णव डिग्री आहे."

"तेच म्हणते मी. आतलं एवडं तापलंय, तर त्याच्यावरच बसलेलं हे गार कसं? तवा तापलाय आन् भाकर गारच, म्हंजी मदी कायतरी आलंय. काड बघू ते."

मी स्क्रू सोडवले, ते फक्त तिची समजूत काढायला. पंखा उचलला आणि उलटा केला. खालच्या चकचकीत तांब्यावर, चारी बाजूंनी नीट बसलेलं, एकही सुरकुती नसलेलं, पातळ पारदर्शक प्लास्टिक होतं. गरमी पंख्याकडं जावी म्हणून लावायची पेस्ट मी त्याच्याचवर निगुतीनं सारवली होती.

अंगावर प्लास्टिक असलेली घरातली ती एकमेव वस्तू उरली होती.

आई वाकून बघत होती. "त्याच्यावर लाल अक्षरात काय लिव्हलंय रं? विंग्रजीत हाय."

"काही नाही."

"वाच की. शिकलेला हाईस."

मी वाचलं. मग मराठीतही सांगावं लागलं. "बसवण्याआधी हे प्लास्टिक काढावं."

मामा सोललेल्या सोफ्यावर आडवा होऊन हसत होता. आई हसली नाही. ती शांतपणे जमिनीवरचं सोफ्याचं प्लास्टिक गोळा करायला लागली, हे जास्त लागलं. मी प्लास्टिक काढलं, भुसा झटकला, पेस्ट लावली आणि बटण दाबलं. बेचाळीस. तासभर चालला, पण मामासमोर त्या तासाला आता काही किंमत उरली नव्हती. मी स्वतःच फॉर्म काढून आण्णांच्या पुढं ठेवला.

आण्णांनी तो घडी घालून माझ्याच खिशात कोंबला.

"तू पुण्यालाच जा."

"पण आण्णा, मी तर..."

"बागंला फवारायच्या औषदाच्या बाटलीवर बी कायकाय लिव्हलेलं आसतं," आण्णा म्हणाले. "ते न वाचता तू मारलंस, तर दोन एकर जाईल माजी. कॉम्प्युटर गेला तर एकटाच जाईल."

अशा रीतीनं मी कॉम्प्युटरला गेलो. वर्गातली बाकीची पोरं आपापल्या मार्कांवर आली होती. मी द्राक्षबाग वाचावी म्हणून आलो होतो.