पत्त्यातली मधली ओळ

मध्यस्थ ही गोष्ट ज्याला कुठेही, कसलीही आणि कुणाचीही चालत नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: पालमच्या शाळेतले आमचे चित्रकलेचे सर. आम्ही दोघे एकाच शेटजींचे भाडेकरू, भिंतीला भिंत लागून. "सरांना जय भीम सांगा," असं कुणी माझ्याजवळ म्हटलं, तर सर तो निरोप घेत नसत. "त्यांचा जय भीम त्यांच्याकडूनच घेतो," म्हणून चपला घालत आणि दोन मैल चालून घेऊन येत. पंगतीत मीठ हवं असलं तर वाढप्याला हाक न मारता थेट आचाऱ्याकडे जात. परत येईपर्यंत त्यांच्या जागेवर दुसराच कोणी जेवत असे. लग्नही त्यांनी असंच जमवलं. मुलीच्या वडिलांपुढे एकटेच उभे राहून म्हणाले, "मीच मुलगा. मधी कुणी न्हाई. काय विचारायचं ते मलाच विचारा." सासरे इतके गांगरले, की विचारायचं राहूनच गेलं आणि लग्न होऊन बसलं.

अशा माणसाच्या पत्त्यात मात्र एक मधली ओळ होती. गल्लीचं सगळं टपाल शेटजींच्या किराणा दुकानात पडायचं. त्यामुळे आम्हा सगळ्या भाडेकरूंचा पत्ता एकच: वर आपलं नाव, खाली 'द्वारा' लिहून शेटजींचं दुकान, मग पालम. शेटजी माणूस भला, पण पोस्टकार्ड हाती आलं की मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. सरांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. एके दिवशी सर शाळेतून येत होते, तर गूळ घेऊन निघालेल्या एका बाईने त्यांना विचारलं, "सर, पोरीचं नाव काय ठेवायलाव?" पुढच्या वळणावर न्हाव्याने पेढे मागितले. सर घरी येऊन बाजेवर बसले आणि म्हणाले, "गल्लीत सगळ्यात शेवटी बाप झालो मी." मी हसलो. ते हसले नाहीत.

दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावासाठी सर मोर्चाला जात, आणि नावाशी केलेला खेळ त्यांना कुठेच खपत नसे. "माणसाचं नाव अन् त्याचं गाव, यांच्या मधी तिसरा कशाला पायजे?" असं म्हणत त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापला, लाल रंगवला, त्यावर आपलं नाव फार सुरेख अक्षरांत काढलं आणि स्वतःच्या दारावर ठोकला. नातेवाइकांना कार्डं गेली: यापुढे 'द्वारा' लिहू नये. इथवर ठीक होतं. पण सरांनी शेटजींनाही बजावलं, "जुन्या पत्त्याचं एकबी पत्र घेऊ नका. परत धाडा. त्याबिगर लोकांची सवय मोडत न्हाई."

"अहो सर, चार पावलं तर हायत. मीच आणून टाकतो की तुमच्या डब्यात!"

"मग तुमी मधी आलाव की!"

शेटजींना राग आला. "बरं, तसंच करतो," म्हणाले, आणि रागावलेला माणूस दिलेला शब्द फार काटेकोर पाळतो.

महिनाभर डब्यात एका पालीखेरीज काही आलं नाही. सर रोज झाकण उघडत. त्यांना खरी ओढ चुडाव्याच्या कार्डाची. तिथे त्यांचे वडील एकटेच राहत. त्यांना लिहिता येत नसे. गावातल्या मास्तरांकडून ते दर पंधरवड्याला खुशाली लिहून पाठवत. "मास्तरला नवा पत्ता कळवलाय. मग कार्ड का येईना?" सर मला विचारत. पुढे पुढे त्यांना जेवण जाईना. शेवटी एका रविवारी ते चुडाव्याला निघायला पिशवी भरत होते, तोच वडील दारात उभे. आधी रेल्वे, मग एसटी, असे आलेले. म्हाताऱ्याने खिशातून एक कार्ड काढून पुढे धरलं.

"माझं पत्र घेत न्हाईस व्हय रं?"

कार्डावर शेरा होता, 'घेण्यास नकार'. सर कासावीस झाले. "बाबा, मास्तरनं जुनाच पत्ता कशाला लिवला?"

"मास्तरनं न्हाई, म्या लिवलंय. प्रौढांच्या वर्गाला जायलोय तीन महिने झाले. कुनालाच सांगितलं न्हाई. तुझ्या जुन्या कार्डावरचा पत्ता बघून बघून उतरिवला. म्हनलं, आपल्या दोघांच्या मधी मास्तर तरी कशाला पायजे?"

मजकूर एवढाच होता: मी बरा आहे. तू कसा. पण 'द्वारा' हा शब्द गिरवून गिरवून तिथला कागद फाटायला आला होता. पोरांच्या वाकड्या रेघेवर छडी उगारणारे आमचे सर त्या वाकड्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले आणि ढसाढसा रडले. मग वडिलांचा हात धरून दुकानात गेले. कार्ड शेटजींपुढे ठेवलं आणि म्हणाले, "चुकलं माझं. आता हे वाचा. मोठ्यानं वाचा." शेटजींनी चष्मा लावला, पण एवढीशी दोन वाक्यं त्यांना एका दमात वाचता आली नाहीत.

पुढे सरांची बदली झाली. मीही पालम सोडलं. गेल्या वर्षी सर गेल्याचं मला कळलं, तेही कुणाच्या तरी तोंडून, तिसऱ्याच माणसाकडून. फार वाईट वाटलं. त्यांच्या मुलीला कुणाबरोबर तरी दोन शब्द कळवावेत, असं मनात आलं होतं. मग चपला घातल्या आणि निघालो. तिच्या घरात भिंतीवर ते कार्ड काचेत लावलेलं आहे. त्याच्यासमोर उभा राहून मी स्वतःच्या तोंडाने सरांना जय भीम केला.