सिरोंच्याच्या नावेत इंटरनेट, आणि दोन मिसकॉल

हे लिहायचं मी कितीतरी दिवस टाळतोय. आधी म्हटलं फोटो नीट लावून घेऊ. मग मूल गावी एका दोस्ताच्या लग्नाला गेलो, तो तिथेच रमलो. आणि खरं सांगू का, हा प्रवास कुठून सांगायला घ्यावा हेच सुचत नव्हतं. म्हणून आता सरळ सुरुवातीपासूनच घेतो.

चंद्रपुरात माझा दोस्त प्रवीण कॉम्प्युटरचे क्लास घेतो. त्याचा एक मावसभाऊ परदेशी जहाजावर नोकरीला आहे. त्याने फोनवर फुशारकी मारली की जहाजावरच्या त्याच्या खोलीत पलंगावर पडल्या पडल्या इंटरनेट चालतं, तेही तीन यंत्रांवर एकदम. प्रवीणच्या ते फार मनाला लागलं. त्याने नुकतंच डाटाकार्ड घेतलं होतं. बोटाएवढं असतं, लॅपटॉपला खोचायचं, की टॉवर असेल तिथे नेट सुरू. मला म्हणाला, "आपल्याकडे जहाज नाई, पण नाव तर हाय ना?" मला घराबाहेर पडायला एवढं कारण पुरतं.

नाव कुठली, तर सिरोंच्याची. प्राणहितेच्या अलीकडे आपला महाराष्ट्र, पलीकडे आंध्र. मधे पूल नाही, सगळी ये-जा नावेने. त्यातल्या एका नावेवर बांबूच्या तट्ट्यांची खोली आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. तीच आमची केबिन.

चंद्रपूरहून सकाळची एसटी धरा, खिडकीची जागा डावीकडची घ्या. आष्टीला गाडी थांबते तेव्हा आलुबोंडा खा, गरम असेल तरच. त्यापुढे जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येत जातं. आलापल्लीला गाडी बदलायची होती, पण कोणीतरी म्हणालं की इथले सागवान बघितल्याशिवाय जाऊ नका. गेलो. एकेका झाडाला आम्ही दोघांनी हात धरून मिठी मारली तरी वेटोळं पुरं होईना. शेंडा बघायला मान मागे टाकली की चक्कर येते. आम्ही दोघं वटवट करणारे, पण तिथे आपोआप हळू बोलायला लागलो. सिरोंच्याची गाडी अर्थातच गेली. तुम्ही जाल तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरलाच विचारा, पानठेल्यावर विचारू नका.

दुसऱ्या दिवशीच्या रस्त्यात डांबर कमी आणि डांबराची आठवण जास्त होती. सिरोंच्यात उतरलो तर पाट्या मराठी आणि भांडणं तेलुगू. लॉज साधं, चादर स्वतःची न्या. जेवायला भात आणि चिंचेच्या आंबट रश्श्यातली मासोळी. पोट भरतं, खिसा रिकामा होत नाही. नदीवर निघालो होतो, पण वाटेत कळलं की वडधमला झाडांचे दगड झालेत. पुन्हा तिकडे. खोड दिसतं, साल दिसते, गाठी दिसतात, हात लावला तर थंडगार दगड. ज्या झाडावर आज कुऱ्हाड चालणार नाही, ते कधीकाळी वाऱ्याने हललं असेल. माझं शिक्षण बेताचंच, त्यामुळे किती वर्षं झाली वगैरे सांगत नाही. नुसता बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकदाचे घाटावर पोचलो. पात्र एवढं रुंद की पलीकडची माणसं मुंग्यांएवढी. नावेचा मालक मल्लय्याभाऊ, तेलुगू घरातला, पण आमच्याशी झाडीपट्टीची मराठी बोलणारा. आमच्या वायरी बघून त्याने विचारलं, "मासोळ्या करंट लावून पकडता का काय?"

आता ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी सांगतो. गावातला टॉवर त्या दिवशी मेलेला होता. काठावर रेंज शून्य, खोलीत शून्य. पण नदीच्या मधोमध एका जागी आंध्रातला टॉवर लागतो. मल्लय्याभाऊ तिथे पोचला की बांबू रोवून नाव थांबवतो, लोक फोन करून घेतात, मग पुढे निघतो. रोमिंग आधीच सुरू करून ठेवा. प्रवीणने लांब वायर लावून डाटाकार्ड बांबूच्या टोकाला बांधलं आणि नावेतलं पाणी उपसायचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, घमेलं त्याच्यामागे आंध्राकडे तोंड करून टांगलं. सिग्नलच्या एकाच्या तीन डंड्या झाल्या. मग त्याच्या लॅपटॉपवरून वायफायने माझ्या हातातल्या, उसन्या आणलेल्या लॅपटॉपला नेट दिलं, आणि त्याच्या महागड्या फोनलाही. तट्ट्याच्या खोलीत, खाली पाणी चुबुकचुबुक करतंय, आणि तिन्ही यंत्रांवर पान उघडलं. वडधमच्या दगडी झाडाचा फोटो हळूहळू वर चढायला लागला. मी वेड्यासारखा हसत होतो.

तेव्हा मल्लय्याभाऊ आत डोकावला. म्हणाला, "बापा हो, थोडा वेळ सारं बंद करा. रेंज वाटून जाते. त्या बाईचा फोन येनार हाय."

नावेच्या टोकाला एक बाई बसली होती, दुर्गाबाई. सिरोंच्यात मासोळी विकते. तिची मुलगी मैना पलीकडे आंध्रात दिलेली, पहिल्या बाळंतपणासाठी तिकडच्याच दवाखान्यात. सकाळपासून अडली होती. जावयाच्या फोनमधले पैसे संपत आलेले, म्हणून ठरलं होतं की एक मिसकॉल म्हणजे सुटका झाली, सगळं ठीक. दोन मिसकॉल म्हणजे जड आहे, निघून ये. एक आला तर मल्लय्याभाऊ परतताना तिला घरी सोडणार होता, तिथे तिची धाकटी दोघं होती. दोन आले तर पलीकडे.

रेंज अशी वाटली जात नाही, हे प्रवीण माझ्या कानात पुटपुटला. पण वायर आधी त्यानेच उपटली. बाकीच्यांनीही आपापले फोन बंद केले. सूर्य खाली आला होता आणि अख्खं पात्र तांब्याचं झालं होतं. एवढ्या मोठ्या नदीवर, एवढ्या मोठ्या आभाळाखाली, दहाबारा माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या एका फोनकडे बघत होती.

वाजला. एकदा, आणि बंद.

मल्लय्याभाऊने श्वास सोडला. कोणीतरी हात जोडले. दुर्गाबाई तोंडावर पदर घेऊन हसली सुद्धा.

मग पुन्हा वाजला.

"चुकून लागला असंन बाई," कोणीतरी म्हणालं. मी माझा फोन सुरू करून तो नंबर लावला. तेलुगूत एक बाई काहीतरी बोलली. मल्लय्याभाऊने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "बंद हाय म्हनते." पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुर्गाबाईने फोन पिशवीत घातला, पिशवी कमरेला खोचली.

"दोन झाले," ती म्हणाली. "चाल भाऊ, तिकडं घे."

मल्लय्याभाऊ मोटर एरवी जपून चालवतो, त्या दिवशी जपली नाही. पलीकडे रेती लागायच्या आतच ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि मागे न बघता चढावर गेली. आम्ही त्याच नावेने परत आलो. तिच्या धाकट्यांना निरोप सांगून भाऊ आमच्यासोबत लॉजपर्यंत आला. काही कळलं तर सांगा म्हणून मी त्याला माझा नंबर दिला, त्याचा घेतला. सकाळी आमची गाडी होती.

घरी आल्यावर प्रवीणने मावसभावाला नावेतला फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं की घमेलं भारी आहे. लोक मला विचारतात की नावेत नेट चालतं का. चालतं. मधोमध थांबा, कार्ड उंच बांधा, बॅटऱ्या भरून न्या. पण मला अजून आठवते ती सगळे फोन बंद झाल्यावरची नदी. आणि ती बाई. मधल्या दिवसांत मी दोनदा मल्लय्याभाऊला फोन लावला. एकदा लागला नाही, आणि लागला तेव्हा म्हणाला, दुर्गाबाई अजून परतली नाही. पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. मल्लय्याभाऊच. मागे मोटर आणि माणसांचा गलका.

"दुर्गाबाईले घेऊन आलो," तो म्हणाला. "मैना बी हाय संगं. बरी हाय."

मी विचारलं, मग दोन मिसकॉल काऊन?

"जवायानं एकीचा एक देल्ला ना बापा. दोन पोरी हायेत. दुसरी येनार म्हनून कोनालेच मालूम नोतं. एवढीशी होती म्हनून इतके दिवस दवाखान्यात ठेवली. आत्ता घाटावर उतरली."